पिवळ्याचं कुलूप

बाईंसमोर नुसतं 'पिवळा' म्हणायची सोय नव्हती. "कुठला पिवळा?" असा प्रश्न लगेच यायचा. समोरचा गोंधळून "पिवळा म्हणजे... पिवळाच की," म्हणाला, तर त्या खिडकीकडे बोट करायच्या. खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टिकच्या चकत्या मांडलेल्या असत, बिस्किटाएवढ्या. एक लिंबासारखी, एक हळदीसारखी, एक झेंडूसारखी, एक जुन्या वर्तमानपत्रासारखी. माणूस कट्ट्यापाशी जाऊन थोडा वेळ बघायचा आणि परत येईपर्यंत त्याला स्वतःचीच शंका यायला लागलेली असायची.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकला लागणारे रंग तयार होत. बादल्या, कंगवे, मुलांचे डबे, साबणाच्या डब्या, असलं सगळं बनवणारे लोक आमच्याकडून रंग नेत. बाई त्या रंगांच्या मुख्य. कुठल्या रंगात काय आणि किती घालायचं ते त्या ठरवत. सगळे त्यांना 'बाई' म्हणत, कारण मालक त्यांना बाई म्हणत. मालकांना, म्हणजे आमच्या साहेबांना, कल्याणच्या एका शाळेत बाईंनी रसायनशास्त्र शिकवलेलं. पुढे साहेबांनी कारखाना काढला आणि एक दिवस बाईंच्या घरी जाऊन म्हणाले, "बाई, शाळा सोडा, माझ्याकडे या." त्यावर बाई म्हणाल्या, "तू प्रयोगवहीत उत्तर आधी लिहायचास आणि प्रयोग नंतर करायचास. तुझ्या कारखान्यात कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजेच." हे साहेब स्वतःच हसून सांगायचे. सगळ्यांसमोर बाई त्यांना 'अरे' म्हणायच्या, आणि बाई आत आल्या की साहेब खुर्चीतून अर्धवट उठायचे.

मी तिथे लागले ते नव्वदच्या आसपास. डोंबिवलीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, बी.कॉम. झालेलं, आणि कारखान्यात नुकताच पहिला कॉम्प्युटर आलेला. मुलाखत बाईंनी घेतली. कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दोन हिरव्या चकत्या हातात दिल्या आणि विचारलं, "सारख्या आहेत का वेगळ्या?"

मी ट्यूबलाइटखाली नीट पाहिल्या. "सारख्या आहेत."

"आता खिडकीत जा."

उन्हात नेल्या तर एक सरळ हिरवी आणि दुसरी तपकिरीकडे झुकलेली. मला वाटलं, गेली नोकरी. पण बाई म्हणाल्या, "आता काय म्हणशील?"

"इथे वेगळ्या आहेत. तिथे सारख्या होत्या."

"म्हणजे तिथे पाहिलेलं लपवलं नाहीस. ये सोमवारपासून."

बाई कायम पांढरी नाहीतर राखाडी साडी नेसायच्या. मला आधी वाटलं, काही दुःखाचं कारण असेल. विचारायची हिंमत नव्हती. मग एकदा मी लाल ड्रेस घालून त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले तर त्यांनी हातातली चकती छातीशी धरून लपवली. "लांब उभी राहा गं. तुझा लाल यावर पडतोय." साडीचं कारण असं होतं. दसऱ्याला मात्र त्या झगझगीत डाळिंबी साडी नेसून यायच्या, आणि त्या दिवशी एकही रंग पास करायच्या नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "आज माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका. आज तो सणात आहे."

डोळ्याबद्दल त्या असंच बोलायच्या, घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं. दुपारी जेवण झाल्यावर कोणी नमुना आणला की "आत्ता तो दमलाय, चारनंतर विचारू त्याला."

कॉम्प्युटरशी त्यांचं जमेल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण मी स्प्रेडशीट उघडून दाखवली, एका चौकटीत आकडा बदलला आणि खालची बेरीज आपोआप बदलली, तेव्हा बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. "आता मी करते." त्या दिवसापासून रंगांची सगळी प्रमाणं त्या स्वतः स्प्रेडशीटमध्ये भरायला लागल्या. पन्नास किलोचा माल हवा की पाचशे किलोचा, एक आकडा बदलायचा, बाकीचे वजनाचे आकडे फाइल स्वतः सांगायची. बाई खूश.

मग त्यांनी विचारलं, "याला कुलूप असतं का?"

मी सांगितलं, असतं. फाइल सेव्ह करताना पासवर्ड द्यायचा. तो दोनदा टाइप करावा लागतो आणि पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, नुसते चौकोन उमटतात. लहान-मोठ्या अक्षरातसुद्धा फरक चालत नाही.

"आणि विसरले तर?"

"तर फाइल उघडत नाही, बाई. कोणालाच नाही."

"मलासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा."

मला वाटलं, घाबरतील. पण त्यांचा चेहरा खुलला. "वा! पहिलंच कुलूप बघितलं जे मालकालासुद्धा ओळखत नाही."

मी म्हटलं, एका पाकिटात पासवर्ड लिहून साहेबांच्या कपाटात ठेवा. नाही म्हणाल्या. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. का नव्हता, ते मला नंतर कळलं. पासवर्ड टाइप करायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. उजव्या हातात मोठा रुमाल, तो डाव्या हातावर तंबूसारखा धरलेला, आणि खाली डाव्या हाताची बोटं भराभर चालायची. मी मागे उभी असले तर मान न वळवता म्हणायच्या, "चहा सांग जा."

कारखान्यात या कुलपाची फार चर्चा. कोणी म्हणायचं, बाईंना पगार वाढवून घ्यायचाय. कोणी म्हणायचं, समोरच्या गाळ्यातल्या कंपनीशी बोलणी चाललीयेत. हिशेब बघणारे आमचे अकाउंटंट तर पैजेवर आले. कारण बाईंच्या फाइलींमध्ये एकीचं नाव होतं PAGAR. आता अशा नावाची कुलूपबंद फाइल दिसल्यावर कोण गप्प बसेल? अकाउंटंट जेवणाच्या सुट्टीत बसून देवांची नावं टाकून बघायचे. बाईंच्या भावाचं नाव टाकलं, बाई राहायच्या ते ठाकुर्ली टाकलं, मूलद्रव्यांची नावं टाकली. एक दिवस वैतागून त्यांनी KUTHLAPIVLA असं टाकलं, आणि फाइल उघडली! सगळे धावले. आत पगार नव्हता. पहिल्याच चौकटीत रोमन अक्षरांत एक मराठी वाक्य होतं: 'इतका वेळ कामात घातला असता तर?'

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. अकाउंटंट दोन दिवस बाईंसमोर आले नाहीत. मी बाईंना विचारलं, हे कशाला केलंत? त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्याला उघडायचंच आहे, त्याच्यासाठी काहीतरी उघडायला ठेवावं. मग तो बाकीच्याला हात लावत नाही."

बाकीच्यात एवढं काय होतं, हे मला एका जुन्या ऑपरेटरने सांगितलं. तो रंग मिसळायच्या मशीनवर होता. मी लागण्याच्या आधीची गोष्ट. तेव्हा बाई हाताने चिठ्ठी लिहून मिक्सरवर पाठवायच्या. मुलांच्या जेवणाच्या डब्यांचा पिवळा रंग चाललेला. बाई खाली सहज आल्या, मिक्सरमधली चिमूटभर भुकटी तळव्यावर घेऊन दारात उन्हात गेल्या आणि तशाच परत आल्या. "हा माझा पिवळा नाही." सगळे म्हणाले, बाई, चिठ्ठीप्रमाणेच घातलंय. चिठ्ठी बघितली तर खरंच, बाईंच्या अक्षरातल्या एका नावावर काट मारून वर दुसरं नाव लिहिलेलं. पिवळा होता, स्वस्त होता, दिसायला जास्त उजळ होता, आणि त्यात शिसं होतं.

काट मारलेली साहेबांच्या मेहुण्यांनी. खरेदी ते बघायचे. ते म्हणाले, "अहो बाई, सगळी इस्टेट हाच वापरते. रंग तर पिवळाच आहे ना?"

बाईंनी वाद घातला नाही. काचेच्या दोन बशा मागवल्या. एकीत त्यांचा पिवळा, दुसरीत मेहुण्यांचा. दोन्हींवर शिसं ओळखायच्या रसायनाचे थेंब टाकले. त्यांचा पिवळा होता तसाच राहिला. दुसरा बघता बघता तपकिरी झाला आणि मग काळा. "मुलं यातून वरणभात खाणार आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. तो सगळा माल साहेबांनी कुंड्या बनवणाऱ्याला देऊन टाकला. आणि तेव्हापासून बाईंचा कागदावरचा विश्वास उडाला. कॉम्प्युटर आल्यावर त्या प्रत्येक मालाची चिठ्ठी स्वतः छापायच्या, स्वतः खाली उभ्या राहून वजन करून घ्यायच्या आणि काम झालं की फाडायच्या.

म्हणजे आम्ही सगळे समजत होतो की बाई काहीतरी लपवतायत. प्रत्यक्षात कोणी बघू नये म्हणून ते कुलूप नव्हतंच. कोणी बदलू नये म्हणून होतं.

त्यानंतर काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, बाईंना अर्धांगाचा झटका आला. घरीच, सकाळी आंघोळीला जाताना. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि वाचा गेली. अगदीच गेली असंही नाही. एक शब्द राहिला. मी ठाकुर्लीला भेटायला गेलेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, डोळे भरून आले, आणि त्या म्हणाल्या, "मंगळवार."

मी त्यांच्या भावाकडे बघितलं. धाकटा भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेला. बाई त्याच्याच घरी राहायच्या. तो म्हणाला, "सगळ्याला हाच शब्द येतोय. पाणी हवं तरी मंगळवार, पंखा लाव तरी मंगळवार. डॉक्टर म्हणतात, आत सगळं शाबूत आहे, बाहेर यायची वाट तेवढी बुजलीय. पाटी दिली लिहायला, तर ताई चिडून पेन्सिल फेकते."

बाई आमच्या दोघांकडे बघत होत्या. स्वतःबद्दल बोललेलं त्यांना सगळं कळत होतं.

इकडे कारखान्यात डब्यांच्या पिवळ्याची ऑर्डर आलेली. शाळा सुरू व्हायच्या आत डबे बाजारात जायला हवेत, म्हणून गिऱ्हाईक रोज फोन करत होतं. फाइल कुलूपबंद. ठाण्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, तो दिवसभर बसला आणि हात झाडून निघून गेला. साहेबांनी स्वतः बाईंचा पिवळा घेऊन रंग जमवायचा प्रयत्न केला. ट्यूबखाली जमायचा, उन्हात हिरवट दिसायचा. बाई त्यात आणखी काहीतरी घालायच्या, तेवढं आम्हाला माहीत होतं. काय ते माहीत नव्हतं.

मेहुणे म्हणाले, "उगाच त्रास कशाला? माझा पिवळा घाला, संध्याकाळपर्यंत माल तयार. आता बशा घेऊन बसणारं कोण आहे इथे?"

साहेब लगेच नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त म्हटलं, "उद्या सांगतो."  मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "साहेब, कॉम्प्युटर बाईंकडे नेऊ या का?"

"अगं, त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाहीये."

"पासवर्ड त्या डाव्या हाताने टाकायच्या. डावा हात चांगला आहे."

 साहेबांनी उठून टेम्पोवाल्याला हाक मारली.

सगळा कॉम्प्युटर चादरींत गुंडाळला. मॉनिटर मी मांडीवर घेतला. शिळफाट्याच्या रस्त्याने प्रत्येक खड्ड्याला मी त्याला लहान मुलासारखं कवटाळत होते. साहेब पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. ठाकुर्लीला पोचलो तर आजूबाजूची मंडळी टीव्ही आला म्हणून बघायला जमली. भावाने जेवणाचं टेबल रिकामं केलं. व्होल्टेज पुरेना, तेव्हा भावाच्या बायकोने, वहिनींनी, फ्रिज बंद केला. मशीन सुरू झालं.

बाईंना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ झाली असं वहिनी नंतर म्हणाल्या.

"बाई," साहेब म्हणाले, "डब्यांचा पिवळा हवाय."

"मंगळवार," बाई म्हणाल्या. 'कुठला पिवळा' हेच त्या विचारत होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी फाइल निवडली. पासवर्ड मागणारी ओळ आली. बाईंनी डावा हात पुढे केला, की-बोर्डकडे वाकून एकेक अक्षर शोधायला लागल्या. एक दाबलं. थांबल्या. दुसरं दाबलं. कपाळावर घाम. तिसऱ्या अक्षराला बोट हवेतच राहिलं. शेवटी त्यांनी काहीतरी दाबून एन्टर केलं आणि मशीन पीक करून ओरडलं. चुकीचा पासवर्ड.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.  भाऊ म्हणाला, "पुरे करा हो. तिला त्रास होतोय." साहेब खाली वाकले, त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. "बाई, राहू द्या. खरंच राहू द्या. मी बघतो काहीतरी."

"बघतो काहीतरी" हे ऐकल्यावर बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की मी शाळेत त्यांच्या वर्गात नव्हते तरी मला ती ओळखता आली. त्यांनी डावा हात उचलला आणि हवेत गोल फिरवला. आम्हाला कळेना. पुन्हा फिरवला, जोरात. "मंगळवार!"

"वळा म्हणतायत," मी म्हणाले. "तोंड फिरवा."

आम्ही सगळे वळलो. साहेब, मी, भाऊ, वहिनी, स्वयंपाकघराच्या दारातली शेजारीण, सगळे भिंतीकडे तोंड करून. माझ्यासमोर रेल्वेचं कॅलेंडर होतं. साहेबांनी हात मागे बांधले होते, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. बराच वेळ काही नाही. मग भराभर की-बोर्डचा आवाज, एका दमात, न थांबता. आणि मशीन ओरडलं नाही.

मी वळले तेव्हा पडदा आकड्यांनी भरलेला होता.

बाईंनी सगळं प्रमाण वरपासून खालपर्यंत वाचलं. मग बोटाने पडद्यावर पिवळ्याच्या ओळीवर ठोकलं, दोनदा, आणि साहेबांकडे बघून म्हणाल्या, "मंगळवार." अगदी हळू.

साहेब म्हणाले, "हो बाई. तोच घालणार. दुसरा नाही घालणार."

पण बाईंना तेवढं पुरलं नाही. त्यांनी साहेबांचा हात धरला आणि की-बोर्डवर आणून ठेवला. मला आधी समजलं नाही. मग समजलं: जुनं कुलूप निघालं होतं, आता नवं साहेबांनी लावायचं. बाकीच्या फाइलीसुद्धा बाईंनी त्या दुपारी आम्हाला भिंतीकडे तोंड करायला लावून एकामागून एक उघडल्या आणि प्रत्येकीला साहेबांनी स्वतःचा पासवर्ड दिला. शेवटची फाइल झाल्यावर ते मेहुण्यांना फोन करायला उठले. शेजारच्यांच्या घरी फोन होता. भिंतीपलीकडून आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू आलं: "नाही. सांगितलं ना, नाही. ती तुझ्या पिवळ्याची गोणी आजच्या आज परत पाठव."

डब्यांचा रंग वेळेवर गेला. मेहुण्यांनी काही महिन्यांनी दुसरा धंदा बघितला.

बाई कारखान्यात परत आल्या नाहीत. पण बोलणं हळूहळू परत आलं, एकेक शब्द करून, वहिनी म्हणायच्या तसं, नळाला पाणी यावं तसं. आधी भावाचं नाव, मग भाज्यांची, मग रंगांची. नवीन रंग जमवला की साहेब चकती खिशात घालून ठाकुर्लीला जायचे, आणि बाई त्यांना गॅलरीत उभं करून उन्हात बघायला लावायच्या. कधी कधी मीही जायचे. तोपर्यंत बाईंना चार-पाच शब्दांची वाक्यं जमू लागलेली.

मला एकच गोष्ट इतकी वर्षं छळत होती. एका दिवाळीत साहेब आणि मी ठाकुर्लीला गेलेलो, तेव्हा फराळाचं ताट समोर असताना मी विचारून टाकलं. "बाई, आता तर त्या फाइलींना साहेबांचा पासवर्ड आहे. तुमचा जुना कुठला होता, सांगा ना."

साहेबही चकली हातात धरून थांबले.

बाई हसल्या. एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी.

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या, शब्द शोधत, थांबत थांबत. "बघितलं की बोटं चुकत होती. म्हणून मग... मी पण भिंतीकडेच बघत होते."